फुकटे कोण? मेढा ते मुंबई : एका प्रवासाचा हिशोब

५ डिसेंबरला मेढ्याच्या एसटी स्थानकावर पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, निळे झेंडे आणि भाकरी बांधलेली फडकी दिसू लागली की कुठून तरी एक वाक्य कानावर येतंच. "चालली फुकट मुंबई बघायला!" म्हणणारा बहुधा ओळखीचाच असतो. आमच्या आज्यांनी हे वाक्य ऐकलं, आयांनी ऐकलं, आता आम्हीही ऐकतो. दादरला उतरल्यावर तेच वाक्य शहरी कपडे घालून भेटतं. हे लोक तिकीट काढत नाहीत, शिवाजी पार्कात फुकट जेवतात, फुकट गाणी ऐकतात, गेटवे ऑफ इंडिया आणि राणीची बाग बघतात आणि घाण करून निघून जातात, असं म्हटलं जातं. पूर्वी हे कट्ट्यावर बोललं जायचं, आता मोबाईलवर फिरतं.

या वाक्याला शिवीनं उत्तर देणं सोपं आहे. आम्ही तसं देणार नाही. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. रुपयाचा प्रश्न असो की महार वतनाचा, त्यांनी आधी हिशोब मांडला आणि मग न्याय मागितला. आम्हीही हिशोबच मांडणार आहोत. राजधानीतलं फुकटचं गाणं आणि फुकटची सहल, या दोन्ही गोष्टींचं बिल इतिहासात नेमकं कोणी भरलं, एवढाच आमचा प्रश्न आहे.

राजधानी डोंगरावर यायची तेव्हा

मेढा हे जावळी तालुक्याचं ठिकाण. वर महाबळेश्वर, पाचगणी, पलीकडे प्रतापगड, इकडे कासचं पठार. आम्ही लहानपणापासून पर्यटक बघत आलो आहोत. ते गाड्या भरून येतात, फुलं बघतात, स्ट्रॉबेरी खातात, फोटो काढतात आणि कचरा टाकून जातात. त्यांना कोणी "फुकटे" म्हणत नाही. त्यांना "पर्यटक" म्हणतात आणि त्यांच्यासाठी रस्ते रुंद होतात. खेड्यातला माणूस शहर बघायला गेला, त्यातही तो जयभीमवाला असला, की मात्र तोच शब्द त्याच्यासाठी कोणाच्या तोंडून निघत नाही.

इंग्रजी अमदानीत तर मुंबई इलाख्याचं सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला मुक्कामाला यायचं. गव्हर्नर आणि त्याचा लवाजमा, म्हणजे एका अर्थानं राजधानीच, डोंगर चढून आमच्या शेजारी यायची. या मुलखात, किंबहुना सगळ्या महाराष्ट्रात, साहेब दौऱ्यावर आला की त्याला वाट दाखवायची कोणी? याचं उत्तर गावगाड्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. महारानं. महार वतनाच्या कामांत वेशीची राखण होती, सरकारी निरोप आणि वसुलाची रक्कम तालुक्याला पोचवणं होतं, मयताची बातमी घेऊन गावोगाव पळणं होतं, मेलेली गुरं ओढणं होतं. आणि परगावच्या अंमलदाराला, वाटसरूला एका गावाच्या हद्दीपासून पुढच्या गावाच्या हद्दीपर्यंत वाट दाखवत नेणंही होतं. अंमलदार घोड्यावर, वाटाड्या पायी, घोड्याच्या पुढे धावत. दिवस असो, रात्र असो, घरात कोणी आजारी असो, बोलावणं आलं की निघायचं. घरचा कर्ता माणूस नसेल तर दुसऱ्या कोणी तरी जायचं, पण काम चुकवायचं नाही.

आज ज्याला "गाईड" म्हणतात आणि ज्याच्यासाठी पैसे मोजतात, ते काम आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. मोबदला काय? तुकडाभर इनाम जमीन आणि खळ्यावर हात पसरून मिळणारं बलुतं. तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. पगार सरकारनं द्यायचा नाही, गावानं द्यायचा आणि गावानं दिला नाही तर दाद कुठे मागायची, ते कोणी सांगायचं नाही. हीच लबाडी बाबासाहेबांनी उघडी पाडली. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं बिल मांडलं. ते बिल तेव्हा तडीस गेलं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते.

गाण्यावाजवण्याचंही तसंच. लग्न गावचं, जत्रा गावची, पालखी गावची, पण हलगी आणि सनई मातंगाची. वाजवणारा सर्वांच्या पुढे चालायचा आणि पंगतीला सर्वांच्या शेवटी, तेही वेगळं बसायचा. देवळाच्या पायरीपर्यंत त्याचा सूर जायचा, तो स्वतः जायचा नाही. फुकट मैफल म्हणजे काय हे आम्हाला शिकवू नका. शतकानुशतकं या गावगाड्यानं फुकट मैफली आमच्याकडूनच करून घेतल्या आहेत.

हिशोबाची पहिली ओळ ही : वाट दाखवणं आमचं, वाजवणं आमचं, आणि दोन्ही जवळजवळ फुकट.

प्रवास करणं हाच गुन्हा होता

दुसरी ओळ साताऱ्यातच लिहिली गेली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब साताऱ्यात राहायला आलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी छोटा भीवा साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत दाखल झाला. शाळेच्या दप्तरात १९१४ या क्रमांकापुढे ती नोंद आहे. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

१९०१ साली रामजीबाबा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर नोकरीला होते. सुट्टीत मुलांनी तिकडे यायचं ठरलं. नवे कपडे झाले, मुलं आगगाडीत बसली, मसूर स्टेशनवर उतरली. आयुष्यातला पहिला मोठा प्रवास, म्हणून मुलं हरखून गेली होती. न्यायला कोणीच आलं नाही. स्टेशनमास्तरनं चौकशी केली आणि मुलं महारांची आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवान न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि त्यानं बाजूनं चालायचं. वाटेत जेवण जवळ होतं, पण प्यायला पाणी कोणी दिलं नाही. अख्खी रात्र तहानेत गेली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींची सुरुवातच या प्रवासानं केली आहे. सातारा जिल्ह्यातल्या मुलाची सहल अशी होती. दुप्पट भाडं देऊनही!

आता तेहेतीस वर्षं पुढे या. तोच मुलगा आता बॅरिस्टर आहे, गोलमेज परिषदेत बोलून आलेला आहे. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे हट्ट धरला की आपण सगळे मिळून प्रेक्षणीय स्थळं बघायला जाऊ. तीसेक माणसं निघाली. वेरूळची लेणी बघायची, वाटेत दौलताबादचा किल्ला बघायचा. किल्ल्याच्या दारापाशी पाण्याचा हौद होता. धुळीनं माखलेल्या मंडळींनी हातपाय धुतले. इतक्यात तिथला एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला बघायला परवानगी मिळाली ती आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि त्यावर नजर ठेवायला सोबत हत्यारी शिपाई देऊन. हिंदूंनी लावलेला विटाळ इतर धर्मीयांच्या डोक्यातही कसा शिरला होता, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला.

आम्हाला यात आणखी एक गोष्ट दिसते. आमच्या चळवळीच्या इतिहासातली ही एक लेखी नोंद असलेली सहल आहे आणि तिच्यातला "गाईड" बंदूकधारी शिपाई आहे! तो किल्ल्याची माहिती सांगायला नव्हता, आमच्या हातांवर पहारा ठेवायला होता. म्हणून देश बघणं, शहर बघणं, इमारती आणि बागा बघणं ही आमच्यासाठी चैनीची गोष्ट कधीच नव्हती. चवदार तळ्याचं पाणी हा जसा हक्क, तसाच मोकळ्या मानेनं फिरणं आणि बघणं हाही हक्क. तो कोणी दिला नाही, मिळवावा लागला.

राजधानीकडे जाणारी वाट

जावळी, पाटण, कोरेगाव या भागांतली माणसं मुंबईला गेली ती मुंबई बघायला नव्हे. डोंगरातली नाचणी-वरई पुरेना आणि गावकी जगू देईना म्हणून गेली. गिरणी, गोदी, पुढे माथाडी कामगारांची पाठ, सगळीकडे सातारा जिल्हा भेटतो. आमची माणसं तिथे पोचली तेव्हा जातही आधीच येऊन बसली होती. कापड गिरण्यांत विणखात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मुंबई उभी करणाऱ्यांत आमचे हात आहेत, पण त्या हातांना धागा धरायचीही मनाई होती.

राजधानीच्या रस्त्यांवर गरिबांनी मोठ्या संख्येनं, आपल्या हक्कासाठी चालायला सुरुवात केली ती याच काळात. जानेवारी १९३८ मध्ये खोती पद्धत रद्द करा म्हणत कोकणातले हजारो शेतकरी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या विधिमंडळावर चालून गेले. त्यात महार होते, कुणबी होते. त्यांपैकी कित्येकांनी राजधानी पहिल्यांदाच पाहिली असेल. ती मुंबई त्यांनी मोर्च्यातून पाहिली.

मग आला तो दिवस. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. विमानानं पार्थिव मुंबईला आणलं गेलं, राजगृहावर ठेवलं गेलं. ७ डिसेंबरला दादर चौपाटीकडे अंत्ययात्रा निघाली आणि लाखो माणसं रस्त्यावर उतरली. तिथे भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखाहून अधिक लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्या दिवसापासून डिसेंबरची ही वाट सुरू आहे. तिला कोणी आमंत्रणपत्रिका छापली नाही. कोणत्याही कंपनीनं ती सहल काढली नाही.

चैत्यभूमीचा स्तूपही फुकट उभा राहिला नाही. भैयासाहेब यशवंतराव आंबेडकर महूपासून मुंबईपर्यंत भीमज्योत घेऊन निघाले आणि त्यांनी वाटेत लोकांकडून निधी गोळा केला. ज्यांच्या घरात दोन वेळचं पीठ नव्हतं त्यांनी आणे-रुपये दिले. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते स्तूपाचं उद्घाटन झालं. पुढे २०१६ मध्ये राज्य सरकारनं चैत्यभूमीला 'अ' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा दिला. दर्जा सरकारनं २०१६ ला दिला. त्याची किंमत मात्र आमच्या आजी-आजोबांनी त्याच्या चार-पाच दशकं आधी मोजली होती. हिशोबाची तिसरी ओळ ही.

गाणं फुकट का?

आता गाण्याकडे येऊ. ५ आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्क परिसरात फिरलं की दर पन्नास पावलांवर गाणं असतं. कुठे मोठं स्टेज, कुठे नुसता फुटपाथ, एक हार्मोनियम, एक ढोलकी आणि पुढे अंथरलेलं फडकं. ऐकायला तिकीट नाही. वाटलं तर पाच-दहा रुपये टाका, नाही तर उभे राहा, ऐका, डोळे पुसा आणि पुढे जा. या मैफलीला तिकीट का नाही, याला मोठा इतिहास आहे.

तमाशाची परंपरा पश्चिम महाराष्ट्रात जुनी. तिच्यात राबणारे कलावंत बहुतांशी महार-मातंग, आणि त्यातही स्त्रियांचं शोषण सर्वांत जास्त. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव हे ब्राह्मण शाहीर आणि त्यांच्या फडातली महार समाजातली विख्यात कलावंत पवळा यांची कीर्ती सगळीकडे होती. महाड सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी आपल्या खेळांचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं. बाबासाहेबांनी ते नाकारलं. आमच्याच समाजातल्या स्त्रीला नाचवून मिळालेल्या पैशावर तिच्याच समाजाच्या मुक्तीचा लढा चालणार नाही, ही त्यामागची भूमिका. चळवळीला पैशाची निकड नव्हती असं नाही. ती कायमच होती. तरीही गाण्याच्या पैशाचा रंग बाबासाहेबांनी तपासून पाहिला. आजच्या देणगीबहाद्दर मंडळांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरीकडे, गाण्याची नवी वाटही याच मुलखात तयार होत होती. सातारा जिल्हा सत्यशोधक जलशांचा बालेकिल्ला. १९२० च्या आसपास गावोगाव हे जलसे होत आणि भटशाही-सावकारीविरुद्ध रयतेला उभं करत. त्याच मुशीतून पुढे आंबेडकरी जलसा आला. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला मजकूर बदलला. देवादिकांच्या कथांच्या जागी पाण्याचा, देवळाचा, शिक्षणाचा, कर्जाचा प्रश्न आला. बाईला नाचवणं गेलं. वाचता न येणाऱ्या माणसाला रात्रभरात महाडचा आणि काळारामाचा अर्थ समजू लागला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षर शिकले आणि हजारो गाणी लिहून गेले. त्यांची गाणी ज्यांनी जपली त्या बायाबापड्यांपैकी कित्येकींना सहीही करता येत नव्हती.

हीच आमची शाळा. शाळेला तिकीट लावत नाहीत, म्हणून जलशाला तिकीट नाही. ज्यांच्या बापजाद्यांकडून गावानं सक्तीनं फुकट वाजवून घेतलं, त्यांनी स्वेच्छेनं, आपल्या माणसांसाठी, आपल्या विचारासाठी फुकट गाणं म्हणायला सुरुवात केली. वेठ आणि दान यांत हाच फरक आहे. बाहेरून दोन्ही फुकटच दिसतात.

या गाण्याची किंमत कधी कधी रक्तानं मोजावी लागते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच कवी-गायक विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट तिथून सुरू होतो. पाचगणीजवळच्या महू गावातून आलेले आमच्या भागाचे लोकशाहीर संभाजी भगत आजही तीच परंपरा पुढे नेत आहेत. मेढ्याच्या पोरांनो, आपल्या डोंगरातून राजधानीत नुसती हमालाची पाठ गेली नाही, आवाजही गेला आहे.

सरकारी सहल आणि आपला वाटाड्या

अलीकडच्या वर्षांत राज्याच्या पर्यटन विभागानं जयंती आणि महापरिनिर्वाण दिनाच्या निमित्तानं मुंबई, नाशिक आणि नागपूर इथे बाबासाहेबांशी संबंधित स्थळांच्या मोफत सहली काढायला सुरुवात केली आहे. गाडी मोफत, सोबत माहिती सांगणारा माणूस. काही कार्यकर्त्यांना हे अजिबात पटत नाही. त्यांच्या मते आमच्या प्रेरणास्थळांचं "पर्यटन" होतंय. काहींना वाटतं, मिळतंय तर घ्यावं.

आमचं मत स्पष्ट आहे. या सहलीत बसायला लाजण्याचं कारण नाही. सरकारी पैसा हा जनतेचा पैसा आहे. काडेपेटीपासून मोबाईलपर्यंत प्रत्येक खरेदीवर आमचा शेतमजूरही कर भरतो. पंढरीच्या वारीसाठी जादा एसटी सुटतात, पालखीच्या गाड्यांना टोल माफ होतो, कुंभमेळ्यासाठी शहरं नव्यानं बांधली जातात. त्यावर आमची तक्रार नाही. वारीतही कष्टकरी माणूसच चालतो. मात्र त्याला "भाविक" आणि आम्हाला "फुकटे" म्हणणारी जीभ एकच आहे, हे आम्ही बोलणार.

आमचा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे. गाडी कोणाचीही असो, वाटाड्या कोण आहे? तो काय दाखवतो आणि काय वगळतो? परळच्या बीआयटी चाळीसमोर उभं करून "इथे बाबासाहेब राहत होते" एवढंच सांगणारा वाटाड्या अर्धं काम करतो. पन्नास-एक्कावन्न नंबरच्या त्या दोन खोल्यांत विद्यापीठं गाजवून आलेला विद्वान का राहत होता, ते त्यानं सांगितलं पाहिजे. परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ ला सभा झाली आणि त्यातून त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली, हे सांगितलं पाहिजे. सिडनहॅम कॉलेजात शिकवणाऱ्या प्राध्यापक आंबेडकरांनी सामायिक भांड्यातलं पाणी पिण्याला सहकाऱ्यांनीच हरकत घेतली होती, हे सांगितलं पाहिजे. फोर्टातल्या सिद्धार्थ कॉलेजासमोर १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ चं कॉलेज समजावलं पाहिजे, म्हणजे दिवसा नोकरी करून शिकणाऱ्या पोरांसाठी शहराच्या ऐन मध्यात शिक्षणाची दारं का उघडली ते कळेल. राजगृहासमोर सांगितलं पाहिजे की हे घर माणसांइतकंच पुस्तकांसाठी बांधलं होतं.

आणि जे आता बघायला शिल्लक नाही, तेही दाखवलं पाहिजे. दादरचं आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस २५ जून २०१६ च्या पहाटे पाडण्यात आली. ज्या छापखान्याशी 'प्रबुद्ध भारत'चं नाव जोडलेलं, तो अंधारात जमीनदोस्त झाला. कोणती सरकारी सहल त्या जागेवर पाच मिनिटं थांबून हे सांगेल? कोणती सहल घाटकोपरला नेईल? इंदू मिलच्या स्मारकाचं भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ ला झालं. चैत्यभूमीवर गेलो की दरवर्षी आम्ही शेजारचं ते काम कुठवर आलं ते बघतो. हाही सहलीचा भाग आहे. राजधानी बघायची म्हणजे राज्यकर्त्यांनी दिलेल्या शब्दांवरची धूळसुद्धा बघायची.

बघावं कसं, याचा धडा वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी घालून दिला आहे. वाळवा तालुक्यातून लहानपणी पायी चालत मुंबईला आलेला, शालेय शिक्षण न मिळालेला हा मातंगाचा मुलगा १९६१ साली सोव्हिएत रशियाला गेला. मॉस्कोसारखी राजधानी, पाहुणचार, सोबत दुभाष्या, म्हणजे आजच्या भाषेत संपूर्ण "गाईडेड टूर". पण त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला तो कामगार तिथे कसा जगतो ही नजर ठेवून. पाहुणचार घेतला, डोळे मात्र स्वतःचे ठेवले. त्याच मॉस्कोत २०२२ साली त्यांचा पुतळा उभा राहिला. जो बघायला गेला, त्यालाच बघायला आता लोक जातात.

आमच्या खात्यातली उधारी

हिशोब मांडायचा तर आपल्या खात्यातलीही उधारी लिहावी लागेल. पहिली, तिकिटाची. ज्यांची दिवसाची मजुरी बुडते त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आम्ही काही बोलणार नाही. पण हातात महागडा मोबाईल असलेल्या तरुणानं तिकीट काढूनच गेलं पाहिजे. बाबासाहेबांनी मसूरला दुप्पट भाडं दिलं होतं, हे त्यानं आठवावं.

दुसरी, कचऱ्याची. ७ डिसेंबरला शिवाजी पार्क झाडायला कोण येतं? महापालिकेचे सफाई कामगार. त्यांत बहुसंख्य आपलीच माणसं. आपण टाकलेली पत्रावळ आपलाच भाऊ उचलतो, आपलीच बहीण उचलते. मनुवाद्यांना सुनावण्याआधी हे एक काम आपण बंद करू शकतो.

तिसरी, गाण्याची. जयंतीला डीजेवर लाखभर रुपये उडवणारी मंडळं फुटपाथवरच्या म्हाताऱ्या शाहिराच्या फडक्यावर दहाची नोट टाकताना दोनदा विचार करतात. डीजेच्या भिंतीपुढे शब्द ऐकू येत नाहीत आणि शब्दच ऐकू येणार नसतील तर तो जलसा कसला? गाणं फुकट असतं, गाणाऱ्याचं पोट फुकट भरत नाही.

पुढची वाट

म्हणून मेढा आणि परिसरातल्या तरुणांपुढे आम्ही तीन कामं ठेवतो.

एक, आपली सहल साताऱ्यातून सुरू करा. ७ नोव्हेंबरला प्रतापसिंह हायस्कूल, मसूर स्टेशन, गोरेगावची वाट, आणि ६ डिसेंबरला मुंबई. ज्या वाटेवर एका मुलाला पाणी मिळालं नाही, त्या वाटेवर आपण गावोगाव पाणी वाटत जाऊ. मागेल त्याला, जात न विचारता.

दोन, मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक गटात एक वाटाडी किंवा वाटाड्या तयार करा. मुलींना पुढे करा. महिनाभर वाचन, मग चार ठिकाणांची माहिती पाठ नव्हे, समजून. सोबतच्या आजीला तिच्या भाषेत सांगता आलं पाहिजे.

तीन, आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या जुन्या गायक-गायिकांकडे बसा. त्यांची गाणी वहीत उतरवा, मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा, आणि उठताना त्यांच्या हातात मानधन ठेवा.

पुढच्या ५ डिसेंबरला मेढ्याच्या स्थानकावर कोणी पुन्हा ते वाक्य म्हणेल. तेव्हा भांडू नका. त्याला शांतपणे सांगा : दादा, तुमच्या साहेबांच्या घोड्यापुढे आमचा पणजोबा फुकट धावला. तुमच्या वरातीपुढे आमच्या भावाच्या पणजोबानं फुकट हलगी वाजवली. त्याचं बिल आम्ही अजून पाठवलेलं नाही. आता आम्ही आमच्याच माणसांना आमचीच वाट दाखवायला निघालो आहोत. यायचं असेल तर चला, गाडीत जागा आहे.

जय भीम!